शेतात क्रशर, वीटभट्टी, रिसॉर्ट, प्लॉटिंग: परवानगी कोण देतं आणि हरकत कुठे घ्यायची? सातारा-सांगलीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. त्या काळात खडी क्रशरच्या एका प्रकरणात आम्ही वेळेवर बोललो, पण कागदावर काहीच आणलं नाही, आणि त्याची किंमत आजूबाजूच्या सात-आठ बागांनी मोजली. तेव्हापासून वाळवा, खानापूर, पाटण, कोरेगाव, कुठून कुठून लोक फोन करतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. अपील किंवा दावा करायचा असेल तर वकील गाठाच. पण वकिलाकडे जाईपर्यंत जे हातचं जातं, ते जाऊ नये यासाठी हे लिहिलं आहे.

ग्रामपंचायतीनं ना हरकत दाखला दिला. म्हणजे परवानगी मिळाली ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. जागामालक गावात दाखला दाखवत फिरतो, जेसीबी आणतो, आणि लोकांना वाटतं आता सगळं संपलं. ना हरकत म्हणजे “आमच्या ग्रामपंचायतीला अडचण नाही” एवढंच. त्यानं जमीन बिनशेती होत नाही, खाण सुरू करता येत नाही, धूर-धूळ सोडायची मुभा मिळत नाही.

उलटही खरं आहे. ग्रामपंचायतीनं दाखला नाकारला म्हणून वरची परवानगी आपोआप अडत नाही. ते पुढे येतंच.

मग परवानगी देणारं नक्की कोण?

एक माणूस नाही, तीन-चार दारं आहेत, आणि प्रत्येक दाराचा कायदा वेगळा.

जमिनीचा वापर बदलणं, म्हणजे बिनशेती (एनए), हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली येतं. अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. क्षेत्र आणि वापर पाहून तो खाली प्रांत किंवा तहसीलदारांकडे सोपवलेला असतो. बांधकाम आणि झोन हा विषय नगररचनेचा: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली. शेती विभागात कोणता वापर चालतो आणि कोणत्या अटीवर, याची यादीच त्या नियमावलीत आहे. खडी, मुरूम, माती काढायची तर महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम २०१३ लागतात, त्यासाठी जिल्हा खनिकर्म शाखा आणि तहसील. धूळ, धूर, सांडपाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली. सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतं, साताऱ्याचं पुणे विभागात.

कुणी “आमच्याकडे परवानगी आहे” म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कशाची? मंडळाची संमती आहे पण खनिज परवाना नाही, किंवा बिनशेती आहे पण ती गोदामासाठी आणि चालवतोय क्रशर, असं सर्रास निघतं.

शेतात कशाला परवानगी लागत नाही?

स्वतःच्या रानात गोठा, अवजारांची खोली, वैरण-खताची साठवण, धान्याचं कोठार, वस्तीवरचं राहतं घर, ही संहितेच्या भाषेत “शेतीची इमारत”. ती कसण्याच्या कामाचाच भाग मानली जाते. लहान क्षेत्राला आणि शहरालगतच्या गावांना त्यातही मर्यादा आहेत, म्हणून पाया काढण्याआधी तलाठ्याला विचारा. (२०२४ पासून तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. लोक जुनंच म्हणतात, मीही इथे तेच लिहितो.)

गोठ्याच्या नावाखाली मंगल कार्यालय बांधलं तर ती शेतीची इमारत राहत नाही.

आमचं रान गावठाणाला लागून आहे. तिथं वेगळा नियम आहे का?

आहे. संहितेत ४२ब, ४२क, ४२ड अशी कलमं गेल्या दहा वर्षांत आली. त्यातल्या ४२ड नं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्याच्या वापरासाठी रूपांतरित झाल्याचं मानायची सोय केली. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि वर्ग २ (शर्तीची, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे) जमीन असेल तर नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, भरायचा. लक्षात घ्या, हे राहण्यासाठी आहे. त्या २०० मीटरमध्ये कुणी खडी फोडायचं यंत्र लावत असेल तर ही सवलत त्याच्या कामाची नाही.

बिनशेतीचे नियम शासन सातत्यानं सैल करत आलं आहे. म्हणून अर्ज कोणत्या कलमाखाली आहे हे तहसीलच्या जमीन शाखेतून आधी काढून घ्या आणि त्या दिवशीचा नियम तिथंच विचारा. गावातल्या एजंटाचं पाच वर्षांपूर्वीचं ज्ञान उपयोगाचं नाही.

दाखल्याचा ठराव मासिक सभेत घ्यायचा की ग्रामसभेत?

मासिक सभा सदस्यांची, ग्रामसभा मतदारांची. गावाच्या शिवारावर पंधरा-वीस वर्षं परिणाम करणारा विषय सात किंवा नऊ सदस्यांनी बंद खोलीत उरकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ज आल्याचं कळताच लेखी मागणी करा की हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. पोच घ्या.

ग्रामसभा वर्षात किमान चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. नोटीस साधारण सभेला सात दिवस आधी लागते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची गरज नसते, पण नवा विषय घेता येत नाही. ही तहकूब सभा फार धोक्याची. पहिल्या सभेला लोक येतात, गणपूर्ती नाही म्हणून घरी जातात, आणि नंतरच्या सभेला पंचवीस माणसं बसून ठराव करतात. तो कायदेशीर असतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभाही घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते. वस्तीवरचं पाणी आणि मुलांचा शाळेचा रस्ता यांवर बायका जितकं नेमकं बोलतात तितकं पारावर कुणी बोलत नाही, म्हणून ती सभा खरोखर भरवा.

ग्रामसभेत नेमकं काय लिहून घ्यायचं?

इथं आमचं काय झालं ते सांगतो. क्रशरचा विषय आला तेव्हा ग्रामसभेत चांगला तासभर आवाज झाला. सगळे विरोधात. सरपंच म्हणाले, “बरं, लिहून घेतो.” आम्ही हजेरीवर सह्या केल्या आणि द्राक्षाच्या छाटणीची घाई म्हणून निघून गेलो. काही महिन्यांनी माहिती अधिकारात इतिवृत्ताची नक्कल काढली. विषय क्रमांक सहा. खाली तीन ओळी: विषयावर सविस्तर चर्चा झाली, रोजगाराचा विचार करता सर्वानुमते ना हरकत देण्यात यावी. सूचक, अनुमोदक. अक्षर तेच, पण शाई वेगळी, आणि त्या तीन ओळी दोन ठरावांच्या मधल्या मोकळ्या जागेत दाटीवाटीनं बसवलेल्या. हजेरीच्या पानावर माझीही सही होती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो. ठराव सभा संपायच्या आधी मोठ्यानं वाचून घ्या. बाजूनं किती, विरोधात किती, आकडा लिहायला लावा. “सर्वानुमते” हा शब्द खरा नसेल तर खोडायला लावा. विरोध करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात आली पाहिजेत. ठरावाखाली मोकळी जागा राहिली असेल तर तिथं तिरपी रेघ मारायला सांगा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, बँकेत चेकवर आपण तेच करतो. मोबाईलमध्ये पानाचा फोटो घ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आत, विरोध करणाऱ्यांच्या सह्यांचं वेगळं निवेदन ग्रामपंचायतीत देऊन आवक नंबर घ्या. त्याच निवेदनाची प्रत तहसीलला.

पण ग्रामसभेचा ठराव सर्वोच्च असतो ना? पेसा कायद्यात तसं आहे.

पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, तो अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही. गडचिरोलीतल्या ग्रामसभेचं उदाहरण आपल्याकडे भाषणात शोभतं, अपिलात चालत नाही.

म्हणजे गावानं एकमुखानं नाही म्हटलं तरी परवानगी मिळू शकते?

मिळू शकते. दारूच्या दुकानाला जशी बायकांच्या मतदानानं आडवी बाटली करता येते, तशी क्रशरला किंवा भट्टीला आडवी करण्याची तरतूद नाही. हे मला मनापासून खटकतं. दुकानाची झळ जेवढी घराला बसते, तेवढीच धुळीची झळ रानाला आणि छातीला बसते. पण आज कायदा असा आहे, म्हणून त्यातूनच वाट काढायची.

वाट अशी की “गावाचा विरोध आहे” हे वाक्य एकटं हलकं पडतं. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या आदेशात लिहिता येईल असं कारण द्यावं लागतं: अंतर, पाणी, रस्ता, पीक, जमिनीचा प्रकार. ठरावात ती कारणं आली तर ठरावाला वजन येतं. नुसता निषेध आला तर तो फाइलला टाचला जातो आणि तिथंच राहतो.

हरकत लिहायची कशी?

पोटतिडकीनं नाही, मोजून. आमच्या हरकतीत पहिल्यांदा आम्ही लिहिलं होतं, “शेतकरी देशोधडीला लागेल.” ते खरं होतं, पण त्यावर कुणी काय आदेश काढणार?

दुसऱ्या वेळी, शेजारच्या गावासाठी लिहिताना, बागेत उभं राहून लिहिलं. क्रशरपासून चौथ्या बागेत सकाळी आठ वाजता वेलीच्या पानावरून बोट फिरवलं, तर बोटाच्या टोकावर पिठासारखा पांढरा थर आणि पानावर हिरवी रेघ. घडावर दव असेल तर ती धूळ मण्याला चिकटून वाळते आणि पाण्याच्या फवाऱ्यानंही पूर्ण जात नाही. बेदाण्याचं तर आणखी कठीण. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळत घालतात. शेड चारी बाजूंनी मोकळं असतं, वारा खेळावा म्हणूनच. ओल्या, तेलकट मण्यावर बसलेली खडीची भुकटी मण्याबरोबरच आत सुकते. तो माल सौद्यात व्यापारी मूठभर उचलतो, दाताखाली एक मणी चावतो आणि काही न बोलता पुढच्या बॉक्सकडे जातो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे सगळं हरकतीत लिहिता येतं, आणि लिहिलं पाहिजे.

साधारण नमुना असा ठेवा:

“अर्जदाराच्या गट क्रमांकापासून माझा गट अमुक मीटरवर पूर्वेस आहे. त्यात अमुक क्षेत्र द्राक्षबाग असून सातबारावर पीकपाहणीत तशी नोंद आहे. हंगामात वाऱ्याची दिशा प्रस्तावित जागेकडून माझ्या शेताकडे असते. माझं बेदाणा शेड अमुक मीटरवर आहे. वस्तीवरची पिण्याची विहीर अमुक मीटरवर आहे. जागेकडे जाणारा रस्ता पाणंद असून त्याची प्रत्यक्ष रुंदी अमुक फूट आहे, त्यावरून अवजड वाहन जाऊ शकत नाही. सबब परवानगी देऊ नये. तरीही द्यायची झाल्यास स्थळपाहणी माझ्या समक्ष व्हावी आणि खालील अटी घालाव्यात.”

ही शेवटची ओळ बऱ्याच जणांना आवडत नाही. त्यांना वाटतं अटी मागितल्या म्हणजे आपण मान्यता दिली. तसं नाही. “तरीही द्यायची झाल्यास” या तीन शब्दांनी विरोध कायम राहतो, आणि परवानगी मिळालीच तर पाण्याची फवारणी, पत्र्याचं आच्छादन, झाडांची रांग, कामाच्या वेळा, ट्रकवर ताडपत्री, बेदाण्याच्या हंगामात काम बंद, यातलं काहीतरी आदेशात उतरतं. आदेशात उतरलेली अट मोडली की तुमच्या हातात काहीतरी धरायला असतं. पीकपाहणीची नोंद आधी बघा. बाग पंधरा वर्षांची आणि सातबारावर अजून ज्वारी, हे मी स्वतः पाहिलंय.

वीटभट्टीसाठी अंतराचा नियम आहे का?

आहे, आणि तो बागायतदारांच्या बाजूचा आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये वीटभट्ट्यांसाठी अधिसूचना काढली. त्यात वस्ती आणि फळबागा यांपासून किमान ०.८ किलोमीटर, म्हणजे ८०० मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. कृष्णा-वारणेच्या काठानं नवी भट्टी येत असेल आणि जवळ द्राक्ष, डाळिंब, पेरूची बाग असेल, तर मोजणी नकाशावर अंतर मांडा आणि ही अधिसूचना हरकतीत लिहा. माती काढायला वेगळा परवाना लागतो. विनापरवाना गौण खनिज काढलं तर संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती आहे.

पोटापाण्यासाठी छोटी भट्टी लावणाऱ्या कुंभार कुटुंबाशी भांडताना जरा थांबा. त्यांचं आणि वीस ट्रॅक्टर लावणाऱ्या ठेकेदाराचं माप एक नाही.

नदीकाठच्या रानात प्लॉटिंग चाललंय. भराव टाकतायत. आमच्या रानात पाणी शिरेल का?

२००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे विचारायची गरज नाही. उंच भराव झाला की पाणी शेजारच्या सखल रानात जास्त दिवस थांबतं, आणि ऊस असो की हळद, थांबलेल्या पाण्यात मूळ कुजतं. जलसंपदा विभागानं आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध क्षेत्रात मोडतं, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींवर. तुमचा गट आणि त्यांचा गट पूररेषेच्या नकाशावर कुठे येतो ते पाटबंधारे कार्यालयातून लेखी मागा. ओढा किंवा नाला बुजवला असेल तर गाव नकाशावर तो दिसतो. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो आणि फार उपयोगी पडतो.

पोल्ट्रीच्या माश्यांनी वैताग आणलाय.

मोठ्या पोल्ट्रीला प्रदूषण मंडळाची संमती लागते आणि वस्ती, पाणी, रस्ता यांपासून अंतराच्या अटी असतात. आधी पक्ष्यांची संख्या कळवून मंडळाकडे लेखी विचारणा करा. घरामागच्या पाचशे पक्ष्यांच्या शेडसाठी मात्र शेजाऱ्याशी बोलणं आणि खताचा ढीग झाकायला लावणं जास्त लवकर होतं.

कास, ठोसेघर, महाबळेश्वरकडे शेतात रिसॉर्ट होतायत. तिथं नियम कडक आहेत का?

महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. तिथं शेती आणि हरित क्षेत्राचा वापर बदलण्यावर कडक बंधनं आहेत. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या भोवतालच्या गावांत वनखात्याचं म्हणणंही लागतं.

शासनाचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे. शेती करत दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणं आणि शेत खणून जलतरण तलावासह तीस खोल्या बांधणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बोर्डावर दोन्हीकडे “कृषी पर्यटन” लिहिलेलं असलं तरी. पठारावरच्या गावांत मुख्य मुद्दा पाण्याचा. उन्हाळ्यात झऱ्यावर हंडा भरायला लागणारा वेळ ठरावात लिहा. बोअर किती फूट, टँकर कुठून, सांडपाणी कुठल्या ओढ्यात, हे तीन प्रश्न अर्जदाराला ग्रामसभेत उभं करून विचारा.

सातबारावर “भोगवटादार वर्ग २” आहे. त्यानं फरक पडतो?

खूप. वतनाची, इनामाची, कुळकायद्यानं मिळालेली, पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा वर्ग २ असते. आपल्याकडे कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, चांदोलीच्या धरणग्रस्तांच्या अशा जमिनी गावोगाव आहेत. त्यांची विक्री किंवा वापरबदल पूर्वपरवानगी आणि नजराण्याशिवाय करता येत नाही. कुणी अशा जमिनीवर शंभर रुपयांच्या स्टँपवर भाडेकरार करून यंत्र बसवत असेल, तर पहिली हरकत शर्तभंगाची घ्या.

लाभक्षेत्राचंही तसंच. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी इथल्या दुष्काळी पट्ट्यानं दशकं घालवली. ते पाणी पोचलेली जमीन बिनशेती करताना जलसंपदा विभागाचं म्हणणं घेतलं जातं. चारी बुजते का, पुढच्या रानाचं पाणी अडतं का, हे त्या कार्यालयाला तुम्ही कळवलं नाही तर ते कळवायला दुसरं कुणी जात नाही.

गायरानावर सौर प्रकल्प येतोय. सही करायची का?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे हा प्रश्न हल्ली फार येतो. दिवसा वीज मिळणं ही आपली जुनी मागणी. रात्री दोनला मोटार चालू करायला जाऊन साप चावलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. खाजगी पड जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. प्रकल्पाला जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं, दरवर्षी ५ लाख रुपये अनुदान.

पण गायरान गावाच्या जनावरांचं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींना संरक्षण दिलं, आणि संहितेचं कलम २२अ गायरानाचा वापर सार्वजनिक प्रकल्पांपुरता मर्यादित करतं. शासकीय योजना असल्यानं दार पूर्ण बंद नाही. म्हणून सरळ विरोध किंवा सरळ होकार यापेक्षा प्रश्न असा मांडा: गायरान किती, जनावरं किती, मेंढपाळ कोणत्या महिन्यात येतात, आणि प्रकल्पानंतर चराईला काय उरतं? जत, आटपाडी, माणमध्ये मेंढरांची वाट तारकुंपणानं बंद झाली तर ती मेंढरं तुमच्या उभ्या पिकातून जाणार. वाट सोडण्याची अट ठरावातच घाला.

परवानगी नसतानाच काम सुरू केलंय. काय करू?

तारीख दिसेल असे फोटो, गट क्रमांक, आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार. जमीन महसूल संहितेच्या कलम ४५ प्रमाणे विनापरवाना वापराला दंड करता येतो, वापर थांबवायला आणि जमीन पूर्ववत करायला लावता येतं. धूळ, आवाज, घाण यांचा सार्वजनिक उपद्रव असेल तर प्रांत किंवा तहसीलदार दंडाधिकारी म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ च्या कलम १५२ खाली तो हटवण्याचा आदेश देऊ शकतात. जुन्या लोकांना हे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं “एकशे तेहतीस” म्हणून माहीत आहे. तोंडी तक्रार करू नका. सर्कल (मंडळ अधिकारी) येऊन चहा पिऊन जातो आणि पंचनामा होत नाही.

निर्णय आमच्या विरोधात गेला. आता?

घड्याळ बघा. महसुली आदेशावर अपील जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवस, इतर बाबतीत ९०. तहसीलदारांच्या आदेशावर प्रांतांकडे, प्रांतांच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यांच्या आदेशावर पुण्याला विभागीय आयुक्तांकडे. अपील दाखल केलं म्हणून काम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. पर्यावरण मंजुरीवर हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत जावं लागतं, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

आदेशाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकार अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. पण अपिलाच्या ६० दिवसांतले ३० त्यातच जातात, म्हणून त्याच दिवशी प्रमाणित नकलेचाही अर्ज द्या. अर्जात “सर्व माहिती द्यावी” असं लिहू नका. अर्ज, स्थळपाहणी अहवाल, तलाठी-सर्कलचा अहवाल, नगररचनेचा अभिप्राय, ग्रामपंचायतीचा ठराव आणि अंतिम आदेश, अशी कागदांची नावं लिहा. तलाठ्याचा अहवाल आधी वाचा. “लगत शेती नाही, पड आहे” असं एक वाक्य त्यात असतं, आणि शेजारी तुमची बाग बहरलेली असते. अपिलाचा कणा तिथं सापडतो.

मीच अर्जदार आहे. शेतात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज टाकायचंय. गाव अडवतंय.

तुमचीही बाजू आहे. शेतमालावर प्रक्रिया गावात झाली पाहिजे, नाहीतर पोरं पुण्याला जाणारच. अर्ज पूर्ण द्या: सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला, रस्त्याचा पुरावा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ च्या प्रक्रियेत पोच मिळाल्यापासून ९० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानायची तरतूद होती. ती तुमच्या अर्जाला आज लागू आहे का ते तहसीलला विचारा. ते पोचेवरच्या तारखेवर ठरतं, म्हणून पोच जपा. वापर सुरू केल्यावर ३० दिवसांत तहसीलदारांना कळवा.

आणि ग्रामसभेत नकाशा घेऊन स्वतः उभे राहा. ट्रक कुठून येणार, पाणी कुठलं, जनरेटरचा आवाज कुणाच्या खिडकीत जाणार, हे लोकांनी विचारायच्या आधी सांगा. मी पाहिलेल्या प्रकरणांत अर्धा विरोध हा “आम्हाला कुणी विचारलंच नाही” याचा होता.

परवानगी अटींसह मिळाली, पण अटी पाळत नाहीत.

एक वही करा. आमच्याकडे एका बागायतदाराच्या सूनबाईंनी केली होती, शाळेची दोनशे पानी. तारीख, वेळ, फवारणी चालू का बंद, ताडपत्री नसलेल्या ट्रकची संख्या, वारा कुठून. रोज दोन ओळी, तीन महिने. मध्ये मध्ये पानावर धुळीचा ठसा उमटलेला, कारण वही शेडमध्येच असायची. मंडळाचे अधिकारी पाहणीला आले तेव्हा ती वही त्यांनी उभ्यानं चाळली, मग बाज ओढून बसले आणि पहिल्या पानापासून वाचली. त्यानंतर निघालेल्या नोटिशीत अट क्रमांक आणि तारखा होत्या, आणि त्यातल्या बहुतेक तारखा त्या वहीतल्या होत्या.